रोजची गोळी चालते, मग गुडघ्याची का चालत नाही? मेदापासून निघणाऱ्या निरोपांचे गौडबंगाल

गोदाकाठ
सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार. माझ्या आईचे वय ६८ आहे. गेल्या वर्षी तिच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला आणि तेव्हापासून ती रोज सकाळी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी घेते. या पावसाळ्यात तिचे गुडघे फार दुखू लागले, तेव्हा शेजारच्या काकूंनी स्वतःजवळची आयब्युप्रोफेनची पट्टी तिला दिली आणि आईने आठवडाभर उठल्याउठल्या चहा-बिस्किटाबरोबर ती गोळी घेऊन, नंतर नाश्ता झाल्यावर ॲस्पिरिन घेतली. तपासणीच्या वेळी ही गोष्ट सहज बोलण्यात आली आणि हृदयरोगतज्ज्ञ एकदम गंभीर झाले. ‘दोन्ही एकाच कुळातल्या आहेत, म्हणूनच एकत्र नकोत,’ एवढेच ते म्हणाले. बाहेर रांग असल्यामुळे अधिक विचारणे मला प्रशस्त वाटले नाही.

घरी येऊन वाचले, तर या दोन्ही गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचे रेणू तयार होऊ देत नाहीत आणि हे रेणू मेदापासून बनतात, असे कळले. मेद म्हणजे साठवून ठेवलेली ऊर्जा, असे आपण शाळेत शिकलो. तो निरोप्याचे काम कसा करतो? शिवाय दोन गोळ्या एकच काम करत असतील, तर एकीने दुसरीचा जोर वाढायला हवा. तो कमी कसा होतो? उपचाराचा सल्ला मला नको आहे, तो डॉक्टर देतीलच. आत नेमके काय घडते, ते समजून घ्यायचे आहे.

निवृत्त रसायन
सोमवार, रात्री १०.०५

प्रश्न आवडला. बत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, परंतु ‘मेद म्हणजे ऊर्जा’ या एका ओळीपलीकडे पाठ्यपुस्तकाने मला फारसे जाऊ दिले नाही.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती मेदद्रव्यांचे दुपदरी पटल असते. या पटलातील फॉस्फोलिपिडाच्या रेणूला एक डोके आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात. त्यांपैकी मधल्या जागी जोडलेली शेपटी पुष्कळदा अरॅकिडोनिक आम्लाची असते. त्यात २० कार्बन आणि चार दुहेरी बंध असतात. पेशीला इजा झाली किंवा बाहेरून एखादा इशारा आला, की पेशीतील कॅल्शियम वाढते, फॉस्फोलिपेझ ए-२ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, जागे होते आणि ती शेपटी कापून सुटी करते. सुट्या झालेल्या आम्लापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. सायक्लोऑक्सिजनेझ या विकराच्या वाटेने गेले, तर त्याचे प्रोस्टाग्लँडिन, प्रोस्टासायक्लिन किंवा थ्रॉम्बॉक्सेन होते. लायपॉक्सिजनेझच्या वाटेने गेले, तर ल्युकोट्राइन होते. घराच्या भिंतीतलीच वीट काढावी, तिच्यावर निरोप लिहावा आणि ती शेजाऱ्याच्या अंगणात टाकावी, असा हा प्रकार आहे.

यात एक गोष्ट विसरू नये. इन्सुलिन स्वादुपिंडाच्या पेशींत आधीच भरून ठेवलेले असते आणि गरज पडली की बाहेर सोडले जाते. प्रोस्टाग्लँडिनाचे तसे कोठार नसते. ते गरजेच्या क्षणी, गरजेच्या जागी घडवले जाते, जवळपासच्याच पेशींना सांगावा देते आणि थोड्या वेळात नष्ट होते.

जाता जाता सांगतो, अरॅकिडोनिक या नावाचे मूळ भुईमुगाच्या लॅटिन नावात आहे.

शंकेखोर
सोमवार, रात्री १०.२०

म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीने गुडघे दुखतात, असा याचा अर्थ घ्यावा काय? तसे असेल, तर हा धागा घरी दाखवण्याची माझी हिंमत नाही.

निवृत्त रसायन
सोमवार, रात्री १०.३४

चटणी निर्दोष आहे. भुईमुगाच्या तेलात असते ते अरॅकिडिक आम्ल. त्यातही २० कार्बन असतात, पण दुहेरी बंध एकही नसतो. अरॅकिडोनिक आम्ल शरीर लिनोलेइक आम्लापासून स्वतः बनवते, किंवा अंडी आणि मांस यांतून ते आयते मिळते. नावे सारखी असली म्हणून माणसे एका घरातली ठरत नाहीत, तसेच रेणूंचेही आहे.

सातपूरकर
मंगळवार, सकाळी ७.४०

नावांचा विषय निघालाच आहे, तर ‘प्रोस्टाग्लँडिन’ हे नावही चुकीच्या पत्त्यावर पडले आहे. १९३५ च्या सुमारास स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात असा एक पदार्थ आढळला, की ज्याने रक्तदाब उतरतो आणि गुळगुळीत स्नायू आकुंचन पावतात. तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असे समजून त्यांनी हे नाव ठेवले. प्रत्यक्षात वीर्यातील हा पदार्थ मुख्यतः वीर्यकोशांतून येतो आणि पुढे तर तो शरीरातील जवळजवळ प्रत्येक ऊतीत तयार होतो, असे दिसून आले.

हा शोध पुढे सरकायला पाव शतक लागले, याचे कारण वर सरांनीच सांगितले आहे. साठा नाही, प्रमाण अत्यल्प आणि आयुष्य क्षणभंगुर. थ्रॉम्बॉक्सेन ए-२ तर सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मे उरते. मी औषधांच्या गुणवत्ता-तपासणीत काम करतो. नमुना यंत्रापर्यंत नेईपर्यंत निम्मा नाहीसा होणार असेल, तर मोजणाऱ्याची काय अवस्था होत असेल, ते मी समजू शकतो. सुने बर्गस्ट्रॉम यांनी मेंढ्यांच्या ग्रंथी मोठ्या प्रमाणावर गोळा करून त्यांतून हे रेणू शुद्ध स्वरूपात मिळवले. बेंग्ट सॅम्युएलसन यांनी त्यांच्या घडणीची साखळी उलगडली. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले, की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच थांबवते. या तिघांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲस्पिरिन बाजारात आली होती १८९९ मध्ये, म्हणजे ती काय करते हे कळण्यापूर्वी सत्तर वर्षे जग ती गोळी घेत होते.

पांडवलेणी
मंगळवार, सकाळी ९.१५

माझ्या माहितीप्रमाणे मेदापासून बनलेले रेणू मेदात विरघळतात. त्यामुळे ते पेशीचे पटल ओलांडून थेट केंद्रकात जातात आणि जनुकांना आज्ञा देतात. मग त्यांना निरोप्या न म्हणता अधिकारी म्हणावे लागेल.

निवृत्त रसायन
मंगळवार, सकाळी ११.०२

आपण म्हणता ते कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या संप्रेरकांना लागू आहे. कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही मंडळी पटलातून आत जातात, आतल्या ग्राही प्रथिनांना, म्हणजे निरोप ओळखून घेणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात आणि कोणती जनुके चालू ठेवायची हे ठरवतात. म्हणूनच त्यांचे मुख्य परिणाम दिसायला तास, कधी दिवस लागतात.

प्रोस्टाग्लँडिनांचे तसे नाही. मेदापासून बनले, तरी ते पेशीच्या बाहेरील बाजूस असलेल्या ग्राहींवर जाऊन बसतात आणि तेथूनच आत इशारा पाठवतात. प्रोस्टाग्लँडिन ई-२ या एका रेणूसाठी चार प्रकारचे ग्राही आहेत आणि कोणत्या पेशीवर कोणता ग्राही आहे, त्यावर निरोपाचा अर्थ ठरतो. तोच रेणू मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकात ताप चढवतो, जठरात श्लेष्मल आवरण वाढवून आम्लापासून रक्षण करतो, दुखऱ्या सांध्यात वेदनेचे चेतातंतू हळवे करतो आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून ठेवतो. कारखान्याचा भोंगा एकच वाजतो. त्यावर कामगार पाळीवर निघतो, पोरे शाळेची दप्तरे उचलतात आणि रात्रपाळीचा माणूस झोपायला जातो. भोंगाच बंद पाडला, तर या सगळ्यांचा खोळंबा होणार. वेदनाशामक गोळ्या नेमके हेच करतात. म्हणून गुडघ्यासाठी घेतलेली गोळी पोटात व्रण करते आणि आधीच अशक्त असलेल्या मूत्रपिंडाला ताप देते.

पंचवटीची परिचारिका
मंगळवार, दुपारी ३.२५

भोंग्याचे उदाहरण नेमके आहे. प्रसूतिकक्षात आम्ही या रेणूंचे दोन्ही चेहरे रोज पाहतो. कळा सुरू होत नसतील, तर गर्भाशयाचे मुख मऊ होण्यासाठी जे जेल वापरतात ते प्रोस्टाग्लँडिन ई-२ चेच असते आणि त्याला फ्रीजमध्ये वेगळा कप्पा असतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरण्यासाठी मिसोप्रोस्टॉल ही त्याच कुळातील रेणूंच्या धर्तीवर बनवलेली गोळी वापरतात. ती साध्या तापमानात टिकते, त्यामुळे जेथे विजेचा भरवसा नाही तेथे तिचे मोल मोठे आहे.

गर्भात फुप्फुसाला वळसा घालणारी जी रक्तवाहिनी उघडी असते, तीही प्रोस्टाग्लँडिनांच्या आधारावर उघडी राहते. जन्मानंतर त्यांचे प्रमाण घटते, रक्तातील प्राणवायू वाढतो आणि ती मिटते. काही बाळांच्या हृदयाची रचनाच अशी असते, की शस्त्रक्रिया होईपर्यंत ती उघडी ठेवावी लागते. त्या बाळांना याच कुळातील रेणूचे औषध शिरेतून सतत द्यावे लागते. उलट, अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती मिटतच नसेल, तर मिटवण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा इंडोमेथॅसिन देतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मनाने वेदनाशामक घेऊ नका, असे आम्ही बजावतो त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

मुलींसाठी एक अनुभवाची गोष्ट सांगते. मासिक पाळीतील पोटदुखीमागे गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणारे प्रोस्टाग्लँडिनच असते. मेफेनॅमिक आम्लाची गोळी दुखणे असह्य होईपर्यंत थांबून घेतली, तर उपयोग कमी होतो, कारण ती नवे प्रोस्टाग्लँडिन बनणे थांबवते, बनलेले पुसून टाकत नाही. डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल, तर दुखू लागताच घ्यावी.

साधा माणूस
मंगळवार, सायंकाळी ६.४८

मला हे सारे वाचून एकच वाटते, की रसायने पोटात घालावीतच कशाला? हळद आणि आले हेच काम निर्धोकपणे करतात. आमच्या आजीने आयुष्यात गोळी घेतली नाही.

मेनरोडचा औषधवाला
मंगळवार, रात्री ८.३०

आपल्या आजींना नमस्कार. परंतु हळदीतील कर्क्युमिन आणि आल्यातील जिंजेरॉल हीही रसायनेच आहेत. सायक्लोऑक्सिजनेझवरील त्यांचा परिणाम प्रयोगशाळेच्या नळीत दिसतो. मात्र कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, त्यामुळे आमटीतील चिमूटभर हळदीने गोळीचे काम होईल अशी अपेक्षा करणे हळदीवरही अन्याय आहे. ॲस्पिरिनचे मूळही वाळुंजाच्या सालीतच आहे.

निर्धोकपणाबद्दल मात्र बोलायला हवे, कारण या क्षेत्राला मोठा धडा गोळीनेच शिकवला. १९९० च्या दशकाच्या आरंभी कळले, की सायक्लोऑक्सिजनेझ दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार जठर, प्लेटलेट (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी) इत्यादी ठिकाणी कायम कामावर असतो. दुसरा मुख्यतः दाह झाला की तयार होतो. मग फक्त दुसऱ्याला थांबवले, तर सूज जाईल आणि पोटही शाबूत राहील, असा विचार पुढे आला. तो चूक नव्हता, अपुरा होता. प्लेटलेटमध्ये पहिल्या प्रकारामुळे थ्रॉम्बॉक्सेन बनते आणि ते प्लेटलेट एकमेकांना चिकटवते. रक्तवाहिनीच्या अस्तरात, बऱ्याच अंशी दुसऱ्या प्रकारामुळे, प्रोस्टासायक्लिन बनते आणि ते प्लेटलेटना चिकटू देत नाही. हे दोन निरोप एकाच अरॅकिडोनिक आम्लातून निघतात आणि रक्त वाहते राहणे हा त्यांच्यातील तोल आहे. नव्या गोळ्यांनी प्रोस्टासायक्लिन आवरले, थ्रॉम्बॉक्सेनला हातही लावला नाही. तराजू गुठळीच्या बाजूला झुकला. रोफेकॉक्सिब हे त्यांतील गाजलेले औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले.

त्याच तराजूच्या दुसऱ्या टोकाला गोदाकाठ यांच्या आईंची ७५ मिलिग्रॅमची गोळी आहे. दुकानात सगळे तिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात, मीही म्हणतो. खरे तर रक्त तिने पातळ होत नाही, प्लेटलेटचा चिकटपणा कमी होतो.

निफाडचा दमेकरी
मंगळवार, रात्री ९.५५

आमच्याकडे डिसेंबरात पारा उतरला, की माझी छाती शिट्ट्या वाजवू लागते. एकदा दातदुखीसाठी ॲस्पिरिन घेतली आणि तासाभरात श्वास लागून दवाखान्यात न्यावे लागले. नाकात मांसांकुर आणि जुना दमा असलेल्या काही जणांत असे होते, एवढे तेव्हा कळले. दाह कमी करणाऱ्या गोळीने दमा का उसळावा, याचा उलगडा या धाग्यातील दोन वाटांमुळे आता होतो आहे असे वाटते. माझा तर्क बरोबर आहे काय?

निवृत्त रसायन
मंगळवार, रात्री १०.२०

बरोबर आहे, फक्त त्यात एक भर घालतो. एक वाट बंद झाली म्हणून सारी गर्दी दुसरीकडे वळते, एवढेच कारण नाही. प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे ल्युकोट्राइन बनवणाऱ्या पेशींना लगाम घालते. तो लगाम सुटला, की आधीच उतावीळ असलेल्या पेशी भरमसाट ल्युकोट्राइन सोडतात आणि श्वासनलिका आवळतात. हे रेणू १९७९ मध्ये ओळखले गेले. त्याआधी कित्येक वर्षे त्यांचा उल्लेख ‘ॲलर्जीतील सावकाश क्रिया करणारा पदार्थ’ असाच होत असे. आपण माँटेलुकास्ट घेत असाल, तर ती गोळी ल्युकोट्राइनाची निर्मिती थांबवत नाही, त्याच्या ग्राहीवर आधीच जाऊन बसते. निरोप पोहोचतो, पण दार उघडत नाही.

टोमॅटोवाला पिंपळगाव
बुधवार, सकाळी ६.१०

दवे पडली म्हणून आज फवारणी नाही, तेव्हा मीही थोडे लिहितो. वनस्पतींतही हीच तऱ्हा आहे. अळीने पान कुरतडले, की पानाच्या पटलातील लिनोलेनिक आम्ल सुटे होते, लायपॉक्सिजनेझच त्यावर काम करते आणि जास्मोनिक आम्ल तयार होते. त्याच्या निरोपावरून झाड अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने बनवू लागते. नाव जास्मिनवरून, म्हणजे आपल्या चमेलीच्या कुळावरून आले, कारण त्याचे मिथाइल रूप त्या अत्तरात सापडले होते. गंमत अशी, की टोमॅटोच्या पानाला जखम करण्यापूर्वी ॲस्पिरिन दिली, तर जास्मोनिक आम्ल बनणे थांबते, असे प्रयोगांत दिसले आहे. माणूस आणि टोमॅटो यांची सोयरीक इतक्या लांबची नाही.

शंकेखोर
बुधवार, सकाळी ८.०५

भाव पडल्यावर टोमॅटोला नव्हे, टोमॅटोवाल्याला ॲस्पिरिन लागते.

अंजनेरीचा भटक्या
बुधवार, सकाळी १०.४०

याच गोळ्यांच्या कुळातील एका भावंडाने आपल्या डोंगरांवरील आकाश रिकामे केले, याची नोंद येथे असावी. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचत आणि तसे मेलेले जनावर खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. शवविच्छेदनात त्यांच्या आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर दिसे. हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडांना त्रास न देणारे मेलोक्सिकॅम हेही त्याच कुळातले. अंजनेरीच्या कड्यांवर आज जी थोडी गिधाडे दिसतात, ती पाहताना मला हा फरक आठवतो.

पांडवलेणी
बुधवार, दुपारी १.३०

केंद्रकाविषयी माझी चूक झाली होती, ती मान्य करतो. परतफेड म्हणून एक भर घालतो. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेशूलम यांच्या गटाने मेंदूत असा एक रेणू शोधला, की जो गांजातील घटकाच्या ग्राहीवर जाऊन बसतो. त्याचे नाव त्यांनी संस्कृतमधील ‘आनंद’ या शब्दावरून आनंदमाइड ठेवले. तोही अरॅकिडोनिक आम्लापासूनच बनतो. मेंदूतील निरोप साधारणपणे एका चेतापेशीकडून पुढच्या पेशीकडे जातो. आनंदमाइड आणि त्याच्या जोडीचे मेदजन्य रेणू उलट दिशेने जातात. निरोप घेणारी पेशी ते बनवते आणि पाठवणाऱ्या पेशीला ‘आता पुरे’ असे कळवते.

सातपूरकर
बुधवार, दुपारी २.१५

आणि काम होताच एक विकर त्याचे लगेच तुकडे करते. नाव ठेवणाऱ्यांना संस्कृत चांगले येत असावे.

गोदाकाठ
बुधवार, सायंकाळी ७.२०

सर्वांचे आभार. टोमॅटो, गिधाडे आणि आनंद इथपर्यंत येऊन पोहोचलो, याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. दोन गोळ्या एकाच विकराला थांबवतात, तर एक दुसरीच्या आड कशी येते?

सातपूरकर
बुधवार, रात्री ९.०५

क्षमस्व, मुद्दा खरोखरच मागे पडला होता. आता नीट लिहितो.

सायक्लोऑक्सिजनेझ या विकरात एक लांब, चिंचोळे भुयार असते आणि त्याच्या आतल्या टोकाशी अरॅकिडोनिक आम्लावर प्रक्रिया होते. ॲस्पिरिन त्या भुयारात शिरते आणि ५३० व्या क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट कायमचा चिकटवून जाते. कुलपात लाख ओतावी तसे हे आहे, ते कुलूप पुन्हा उघडत नाही. इतर पेशी नवे विकर बनवून वेळ मारून नेतात. प्लेटलेटला केंद्रकच नसल्यामुळे तिला ते जमत नाही, म्हणून ती सात ते दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात थ्रॉम्बॉक्सेन बनवू शकत नाही. ॲस्पिरिन स्वतः रक्तात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत निम्मी होते, तरी परिणाम टिकतो तो यामुळे. रोज नव्या प्लेटलेट येतात, म्हणून गोळीही रोज लागते. मात्रा अल्प असल्यामुळे तिचा बराचसा भाग आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातील प्लेटलेटवरच खर्च होतो आणि रक्तवाहिन्यांचे प्रोस्टासायक्लिन पुष्कळसे वाचते.

आयब्युप्रोफेन त्याच भुयारात बसते, पण काही चिकटवत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकवून ठेवावी, तसे ते काही तास बसते आणि निघून जाते. ही किल्ली आधीच अडकलेली असेल, तर लाख ओतायला जागाच राहत नाही. ॲस्पिरिन बाहेर ताटकळते आणि तिचा वेळ संपतो. दुपारी आयब्युप्रोफेनही निघून जाते आणि प्लेटलेट पुन्हा जशीच्या तशी कामाला लागते. आपल्या आईंनी आठवडाभर गोळ्या याच क्रमाने घेतल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये याबाबत सूचना काढली. साध्या, आवरण नसलेल्या ॲस्पिरिननंतर निदान अर्धा तास किंवा ॲस्पिरिनपूर्वी आठ तासांहून अधिक अंतर ठेवूनच आयब्युप्रोफेन घ्यावे, असे त्यात म्हटले होते. स्टेंट असलेल्यांनी मात्र हे गणित स्वतः मांडू नये.

मेनरोडचा औषधवाला
बुधवार, रात्री ९.३०

आणि जोर वाढतो तो नको तेथे वाढतो. पोटाचे रक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिन दोन्ही गोळ्या मिळून घटवतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका मात्र बेरजेने वाढतो.

गोदाकाठ
गुरुवार, रात्री ८.४५

आता सगळे नीट समजले. डॉक्टरांनी आईला पॅरासिटामॉल आणि गुडघ्यांसाठी व्यायाम सांगितला आहे. काल कुलूप, किल्ली आणि लाख यांची गोष्ट मी तिला सांगत होतो, तेव्हा शेजारच्या काकू तेथेच बसल्या होत्या. त्या काही न बोलता घरी गेल्या आणि स्वतःच्या औषधांचा डबा घेऊन आल्या. आयब्युप्रोफेनच्या पट्टीखाली ७५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनची पट्टी होती. दीड वर्षापासून त्या दोन्ही गोळ्या सकाळी एकाच घोटाबरोबर घेतात आणि दोन गोळ्या देणारे दोन डॉक्टर वेगवेगळे आहेत. उद्या सकाळी साडेदहाला त्यांना घेऊन जात आहे. डबा बरोबर नेणार आहे.